पित्ताची पिशवी काढली, मग बायोप्सी कशाला?

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मावसबहिणीने पाठवला, आणि परवा एका मुलाने लॅबच्या काउंटरवर मोबाइल पुढे धरून तो मला वाचून दाखवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खड्यांसाठी काढलेलं पित्ताशय बायोप्सीला पाठवणं म्हणजे पैसे उकळणं. सोनोग्राफीत फक्त खडेच दिसले, सर्जननेही पिशवी पाहिली, आणि कॅन्सर असलाच तर तो पिशवीबरोबर बाहेर आला. उलट कापाकापीने तो पसरतो. परदेशात तर आता तपासतही नाहीत. म्हणून नातेवाइकांनी सरळ नकार द्यावा.

तो मुलगा आईची पिशवी परत न्यायला आला होता.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अठरा वर्षं या पिशव्या माझ्या टेबलावर येतायत. त्याला काउंटरवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी सोनोग्राफी. खडे शोधायला तिच्यासारखी तपासणी नाही. पण खड्यांच्या मागे सावली पडते आणि भिंतीचा तेवढा भाग झाकला जातो. शिवाय वर्षानुवर्षं खडे बाळगलेल्या पिशवीची भिंत सुजून जाड होते, आणि सुरुवातीच्या कॅन्सरनेही ती जाडच होते. या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांना खडेही असतात, त्यामुळे ‘फक्त खडे आहेत’ यावरून भिंतीबद्दल काहीच कळत नाही.

‘सर्जनने पाहिली होती’ हा मुद्दा नातेवाइकांना सगळ्यात पटतो, कारण त्यांनीही पाहिलेली असते. ऑपरेशन झाल्यावर ट्रेमध्ये पिशवी दाखवतात, खडे छोट्या डबीत घालून हातात देतात. पण ती बाहेरून पाहिलेली पिशवी. बाहेरून ती हिरवट, गुळगुळीतच दिसते. रोग सुरू होतो आतल्या अस्तरात. कात्रीने उभी चिरून पित्त धुऊन काढलं की निरोगी अस्तर मखमलीसारखं दिसतं, बारीक जाळीचं. कधी त्यावर पिवळे ठिपके असतात, ते कोलेस्टेरॉलचे, निरुपद्रवी.

दोन वर्षांपूर्वी पन्नाशीतल्या एका बाईंची पिशवी आली होती. चिठ्ठीवर नेहमीचंच, ‘पित्ताचे खडे’. अस्तर डोळ्यांना जवळपास ठीक वाटलं. टोकाकडच्या भागावरून बोट फिरवताना मात्र मसुराएवढी जागा हातमोज्यातूनही टणक लागली. आम्ही ठरावीक जागांचे तुकडे घेतोच: टोक, मधला भाग, मान आणि नळी जिथे कापली ती कड. त्यांच्या पिशवीतून त्या टणक जागेचे आणखी तीन तुकडे घेतले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर वेड्यावाकड्या ग्रंथी, म्हणजेच कॅन्सर, स्नायूच्या थराच्याही पलीकडे उतरलेल्या दिसल्या.

याच्या उलटही होतं. झॅंथोग्रॅन्युलोमॅटस नावाची एक जुनी सूज असते, तिच्यात भिंत इतकी जाड आणि पिवळट होते की भले भले सर्जन कॅन्सर समजतात. तिथेही निकाल स्लाइडच देते.

आता मेसेजमधलं सर्वात घातक वाक्य: ‘असलाच तर निघून गेला.’ हे कधी खरं असतं आणि कधी नसतं, ते भिंतीच्या थरांवरून कळतं. आत अस्तर आणि त्याखालचा नाजूक पदर, मग स्नायूचा थर, त्याबाहेर सैल ऊतींचा थर आणि सगळ्यावर पातळ आवरण. पण पित्ताशय यकृताला चिकटलेलं असतं आणि त्या बाजूला हे बाहेरचं आवरण नसतंच. खड्यांचं ऑपरेशन करताना सर्जन त्या बाजूने पिशवी सोडवतो ती त्या सैल थरातूनच. खड्यांसाठी हीच योग्य पद्धत आहे, त्यात चूक काही नाही. पण कॅन्सर त्या थरात उतरला असेल, तर सर्जनने कापलेली कड थेट रोगातून गेलेली असू शकते आणि यकृताच्या बाजूला पेशी मागे राहिलेल्या असू शकतात.

म्हणून आमच्या रिपोर्टमध्ये खोली लिहिलेली असते. टी१ए म्हणजे कॅन्सर अस्तराच्या पदरातच आहे. कापलेली कड स्वच्छ असेल तर झालेलं ऑपरेशन सहसा पुरतं आणि बहुतेक माणसं बरी होतात. इथे मेसेज बरोबर आहे, पण तो बरोबर आहे हे कळायलासुद्धा स्लाइडच लागते. टी१बी म्हणजे स्नायूत शिरलेला, टी२ म्हणजे त्या सैल थरात. या दोन्हीत प्रकृती साथ देत असेल तर साधारणपणे पुन्हा ऑपरेशन सुचवतात: यकृताचा पिशवीलगतचा भाग आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढायच्या. असं दुसरं ऑपरेशन झालेल्या टी२च्या रुग्णांच्या पाहण्यांत निम्म्याच्या आसपास लोकांत रोग मागे राहिलेला सापडला आहे. दुसऱ्या ऑपरेशनची चांगली वेळ पहिल्यानंतर साधारण ४ ते ८ आठवड्यांची मानतात. पिशवी कचऱ्यात गेली तर हे आठवडे कुणाला कळतही नाहीत. पोटात दुखतंय, कावीळ झालीय म्हणून माणूस परत येतो, तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

कापाकापीने पसरतो, हे या बाबतीत शक्यच नाही. माझ्या टेबलावर येते तेव्हा पिशवी शरीरात नसते. धोका असतो तो पोटात पिशवी फाटून पित्त सांडण्याचा. म्हणूनच संशय असेल तिथे सर्जन ती प्लास्टिकच्या थैलीत घालून बाहेर काढतात, आणि पित्त सांडलं असेल तर ऑपरेशन नोटमध्ये लिहितात. ती नोंद पुढच्या डॉक्टरला फार उपयोगी पडते.

परदेशाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. नेदरलँड्समध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि निवडक पिशव्याच पाठवल्या तरी चालतं असा त्याचा कल आहे. पण तिथे सर्जनने प्रत्येक पिशवी ठरलेल्या पद्धतीने पाहायची, चाचपायची आणि शंका आली तर पाठवायची अशी शिस्त होती. आणि तिथे हा कॅन्सर मुळात कमी. आपल्याकडे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसाम हा गंगा-ब्रह्मपुत्रेचा पट्टा या कॅन्सरसाठी जगात ओळखला जातो, आणि बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त. महाराष्ट्रात प्रमाण कमी आहे हे खरं. पण भिवंडीत, नालासोपाऱ्यात, चाकणमध्ये ऑपरेशनला येणारी कितीतरी कुटुंबं त्याच पट्ट्यातली आहेत. खड्यांसाठी काढलेल्या हजार पिशव्यांत असा न शोधता सापडलेला कॅन्सर, ठिकाणानुसार, साधारण दोन ते दहांमध्ये निघतो.

राहिला पैसा. आमच्या गावात या तपासणीला हजाराच्या आसपास लागतात. हातावर पोट असलेल्या घराला तेही जड जातात, हे मी रोज बघते. अशांनी सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात विचारावं, आणि लॅबमध्ये सवलत मागायला लाजू नये. आम्ही देतो.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी मात्र मला जास्त छळतात. पिशवी कधी मधाच्या बाटलीत, मिठाच्या पाण्यात घालून दोन दिवसांनी येते. पित्ताने तोवर अस्तर विरघळत आणलेलं असतं आणि मी काहीच ठामपणे सांगू शकत नाही. ती लगेच फॉर्मॅलिनमध्येच (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) हवी, पिशवी पूर्ण बुडेल एवढ्या. हॉस्पिटलमध्येच तसं मागा. दुसरं म्हणजे रिपोर्ट. टाके निघाले, आई चालायला लागली, की रिपोर्ट न्यायला कुणी येत नाही. माझ्या कपाटात असे कितीतरी पडून आहेत. कॅन्सर असेल तर मी स्वतः फोन करते, पण चिठ्ठीवरचा नंबर कधी बंद असतो, कधी गावाकडच्या भाच्याचा असतो.

त्या पन्नाशीतल्या बाईंचा नंबर लागला होता. त्यांचे ब्लॉक (मेणात बसवलेले पिशवीचे तुकडे) आणि स्लाइड मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दाखवले, सहाव्या आठवड्यात दुसरं ऑपरेशन झालं. यकृताच्या तुकड्यात थोडा रोग होता, लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या. दर तपासणीनंतर त्या मला फोन करतात.

आणि त्या मुलाने बरणी काउंटरवरच ठेवली. त्याच्या आईचा रिपोर्ट काल तयार झाला: जुनी सूज, खडे, कॅन्सर नाही. शनिवारी घेऊन जातो म्हणालाय.