हिरवं कापड, दोन हॅलोजन आणि नवरीचा चुडा

"घरबसल्या फिल्म स्टुडिओ, फक्त 1500 रुपयांत" हा मेसेज गेले पंधरा दिवस सगळीकडे फिरतोय. कुठलंही हिरवं कापड घ्या, भिंतीला ठोका, 500 वॅटचे दोन हॅलोजन कापडाला अगदी लागून ठेवा म्हणजे सावली पडणार नाही, माणूस कापडाजवळ उभा करा, बाकी सगळं मोबाईलचं ॲप करतं, हिरवं काढून मागे हवं ते दृश्य बसवतं. खाली अजून ज्ञान आहे की हिरवाच का, तर तो माणसाच्या कातडीत नसतो, आणि निळा पडदा आता कोणी वापरत नाही. एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण कराडच्या माझ्या भाच्याने दहा बाय बाराच्या खोलीत हे सगळं खरोखर उभं केलं आणि ओळखीतल्या एका मुलीचं, लग्न रविवारी, गुरुवारी चुडा भरल्यावरचं शूट पण करून टाकलं. त्या रात्री ताईचा फोन, खोलीत जळका वास येतोय, काय करू.

म्हणून आधी हॅलोजन. दोन मिळून 1000 वॅट, म्हणजे चालू इस्त्री खोलीत ठेवल्यासारखं, आणि इस्त्री निदान मध्येमध्ये बंद होते. हॅलोजनच्या आतली नळी 250 अंशांच्या वर तापते, तापल्याशिवाय तो दिवा नीट चालतच नाही, त्याची रचनाच तशी आहे. बाजारातलं स्वस्त साटीन म्हणजे पॉलिएस्टर, ते साधारण 250-260 अंशांना वितळतं. आणि हे दोन एकमेकांना लागून ठेवा म्हणून सांगतायत! वर पंखा चालू, कापड हलतंय, दोन्ही दिवे एकाच बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर. भाच्याच्या कापडाची कड गोळा होऊन काळी पडली होती, खोलीत कोणी नव्हतं आणि ताईला वास आला म्हणून निभावलं. ज्याने कोणी हे लिहिलंय त्याने स्वतः एकदाही असं लावून बघितलेलं नाही हे मी खात्रीने सांगते. त्यात हॅलोजनचा उजेड पिवळा, हिरव्यावर पडला की कापड शेवाळी दिसतं, मग क्रोमा, म्हणजे मागचं हिरवं कापून काढणं, जमत नाही म्हणून पोरं अजून एक हॅलोजन आणतात.

आता ॲपचं. ॲपला माणूस कळत नाही, रंग कळतो. हिरवं दिसलं की काढ, एवढंच ते क्रोमा करताना करतं. आपल्याकडे नवरीच्या हातात काय असतं? हिरवा चुडा! भाच्याने लॅपटॉपवर दाखवलं तर मनगटापासून चार बोटं हात गायब, तिथून ॲपने मागे बसवलेला बर्फ दिसतोय आणि पंजा तसाच हवेत. त्या मुलीच्या आईने ते बघितलं. लग्नघरात नवरीचा चुडा दिसेनासा होणं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, त्या माऊलीने डोळ्याला पदर लावला आणि माझा भाचा, वय वर्षं एकोणीस, तिथे मान खाली घालून उभा. मेसेजमध्ये एक ओळ टाकायला काय जात होतं की बाबांनो अंगावर हिरवं असेल तर निळा पडदा घ्या.

आणि म्हणे निळा कोणी वापरत नाही. 2002 च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये नायकाच्या कपड्यात निळा म्हणून त्याला हिरव्यासमोर शूट केलं आणि हिरव्या पोशाखातल्या खलनायकाला निळ्यासमोर. अंगावर काय आहे ते बघून पडदा ठरतो, फॅशन बघून नाही.

कातडीचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करते. कातडी लालसर-पिवळट असते, भडक हिरव्यापासून लांब, त्यामुळे ती वेगळी काढता येते. पण मग निळा तर अजूनच लांब आहे, फिल्मच्या काळात निळाच जास्त चालायचा. हिरव्याचं खरं कारण कॅमेऱ्याच्या आत आहे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या चिपवर, रंगीत ठिपके मांडायची जी रचना केली तिला 1976 मध्ये पेटंट मिळालं, आजचे बहुतेक कॅमेरे आणि मोबाईल त्याच रचनेवर चालतात. तिच्यात दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे हिरव्याची माहिती निळ्याच्या दुप्पट, म्हणून हिरवा कमी उजेडातही स्वच्छ सुटतो, निळ्याला जास्त लाइट लागतो. आणि ॲप रंग बघूनच कापतं हे एकदा समजलं की "कुठलंही कापड चालतं" हेही आपोआप पडतं, कारण त्याला सगळीकडे एकसारखा हिरवा लागतो. साटीन चमकतं, चमकलं की तिथे पांढरा डाग, सुरकुती पडली की तिथे काळपट रेघ. मॅट कापड, ताणून, इस्त्री करून.

कापडाजवळ उभं करायचं तर मुळीच नाही. सहा-आठ फूट पुढे उभं करा, नाहीतर हिरवा उजेड गालावर आणि केसांच्या कडेला चढतो, आम्ही त्याला स्पिल म्हणतो, तो काढता काढता रात्र जाते. पडद्याचा लाइट वेगळा, माणसाचा वेगळा. शिवाय मोबाईल व्हिडिओत बहुतेक वेळा रंग चार पिक्सेलमागे एकदाच साठवतो, म्हणून मोकळे केस कातरल्यासारखे दिसतात. पडद्याशिवाय बॅकग्राउंड काढणारी एआयची ॲप आहेत हो, रीलला चालतात, पण पदर वाऱ्यावर उडाला की कडा लुकलुकते, लग्नाच्या व्हिडिओला ते नको.

हॅलोजन मी शुक्रवारीच दुकानात परत करायला लावले, दोन एलईडी पॅनल माझ्याकडचे दिले. निळं कापड आणायचा विचार होता पण नवरदेवाचा कोट नेव्ही ब्लू निघाला. मग शनिवारी पहाटे भाच्याला आणि त्या दोघांना घेऊन प्रीतिसंगमावर गेलो, साडेसहाला कृष्णा-कोयनेवर ऊन आलं, आणि चुड्यातली एकेक बांगडी मोजता येईल असे फोटो निघाले.