झिप करून टाका की, सर!

फाईल चढत नाही म्हटलं की आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच: ‘झिप करून टाका की, सर!’ झिप म्हणजे फायली आवळून एका लहान फाईलमध्ये बांधणं.

मी भूगोल शिकवतो. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून यंदा मुलांची प्रात्यक्षिकाची जर्नलं मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या संकेतस्थळावर, चढवायचा फतवा निघाला. मुलांनी मोबाईलवर फोटो काढून पाठवले. काहींत समोच्च रेषांपेक्षा चादरीची फुलं ठळक होती. एकात मांजराचं शेपूट सह्याद्री ओलांडून थेट कोकणात उतरलं होतं. सगळं एका फोल्डरमध्ये कोंबलं आणि झिप केलं. फोल्डर 96 एमबी, झिप 95 एमबी. तेवढ्यासाठी संगणकाचा पंखा केवढा घरघरला!

तरी चढवायला घेतली. पट्टी सरकत सरकत पार टोकाला गेली आणि मग संदेश आला की फाईल मर्यादेपेक्षा मोठी आहे. कांदेपोहे, चहा, सुपारी सगळं उरकून झाल्यावर ‘पत्रिका जुळत नाही हो’ म्हणणारे पाहुणे असतात ना, तसं. अहो, आकार तर आधीच दिसत होता!

लॅबमधले आमचे बापू म्हणाले, ‘सर, झिपचीच परत झिप करा.’ केली. ती आधीपेक्षा किंचित मोठी निघाली. बापूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही मीच त्यात काहीतरी घातलं.

यात झिपचा काही दोष नाही. फिल कॅट्झ या अमेरिकन माणसानं 1989 मध्ये हा प्रकार आणला. त्यातली युक्ती साधी: मजकुरात तेच तेच आलं की ते पुन्हा लिहायचं नाही, ‘मागे पाहा’ अशी खूण करायची. म्हणजे ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ हे ज्यात दर परिच्छेदाला येतं, असं परिपत्रक सुरेख आवळलं जातं. मोबाईलचा जेपेग फोटो मात्र काढतानाच आवळलेला असतो. त्यातून आणखी काय पिळणार?

आमच्या मूडलची मर्यादा 2 एमबी. ते पीएचपी नावाच्या ज्या संगणकीय भाषेवर चालतं, तिच्यात कुणी हात लावला नाही तर एका फाईलला तेवढीच मुभा असते. बदलायला एक-दोन ओळी पुरतात. पण त्या ओळींपर्यंत पोचायचा पासवर्ड ज्या पोराकडे होता, तो हिंजवडीत नोकरीला लागला. फोन उचलतो बिचारा, पण नेहमी ‘मीटिंगमध्ये आहे सर’ एवढंच सांगायला.

शेवटी उपाय सांगितला तो मागच्या बाकावरच्या एका मुलीनं. ‘सर, फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि परत सेव्ह करा. आपोआप बारीक होतात.’ झाले! गट पाडून, छोट्या छोट्या झिप करून एकेक वर चढवली. प्राचार्य खूश. बापू तर म्हणाले, ‘बघा, मी म्हणालोच होतो, झिप करा.’

मग गुण द्यायला बसलो. डोंगर दिसत होते, पण रेषेवरचा आकडा 600 आहे की 800, ते काही केल्या लागेना. चष्मा पुसून पाहिला, स्क्रीन पुसून पाहिली. शेवटी सगळ्यांना 20 पैकी 17 देऊन टाकले. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच फेरतपासणीचा एकही अर्ज आला नाही.