बीपीसी-157: उंदराची टाच आणि पैलवानाचा खांदा

तालमीतल्या एका पोराचा खांदा बरेच दिवस धरलाय. त्याला कुणीतरी बीपीसी-157 ची इंजेक्शनं सुचवली, आणि टिळकवाडीच्या कट्ट्यावर वाद पेटला.

"उंदरांवर सिद्ध झालंय की. मग द्यायला काय हरकत?" वस्तादांचा सवाल.

फार्माकॉलॉजी शिकवणारा मित्र म्हणाला, "वस्ताद, सिद्ध काय झालंय ते बघा. ही 15 अमिनो आम्लांची कृत्रिम साखळी, म्हणजे पेप्टाइड. बहुतेक काम क्रोएशियात, झाग्रेबच्या एकाच गटाचं. त्यांनी धडधाकट उंदरांची टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, कापली, किलोमागे 10 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी डोस पोटात टोचला. कंडरा लवकर आणि मजबूत जुळली. पण पोराचा खांदा कापलेला नाही, झिजलाय! झिजलेल्या कंडरेत कोलॅजन या प्रथिनाचे धागे विस्कटलेले असतात, नको तिथं नव्या रक्तवाहिन्या घुसलेल्या असतात. प्रयोगांत तर हे पेप्टाइड रक्तवाहिन्याच वाढवताना दिसतं."

"डोस तरी काढता येतो," फिजिओ म्हणाला. "उंदराचा डोस भागिले 6.2. साठ किलोच्या पोराला शंभरेक मायक्रोग्रॅम."

"तो भागाकार पहिल्या मानवी चाचणीची सुरुवात ठरवायला असतो," मित्र म्हणाला. " तोही विषारीपणाच्या तपासणीत निर्धोक ठरलेल्या डोसावरून, आणि वर निदान दहापट खाली उतरून. गुण येईल की नाही, ते त्यातून कळत नाही."

"कुपीवर 99 टक्के शुद्ध लिहिलंय," फिजिओ म्हणाला.

"ती एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीची टक्केवारी. जीवाणूंचं विष, एंडोटॉक्सिन, त्यात दिसतच नाही, त्याला एलएएल नावाची वेगळी चाचणी लागते. निर्जंतुकपणा तपासायचा तो आणखी वेगळा. आणि वाडानं, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, 2022 पासून हे एस-0 खाली, म्हणजे मान्यता नसलेल्या पदार्थांत टाकलंय. स्पर्धा असो नसो, बंदी वर्षभर."

वस्ताद चिडले. "मग उंदरांवरचं सगळं फुकट?"

"फुकट कसं? प्रयोग खांद्याचा करा. उंदराला उतरत्या ट्रेडमिलवर पळवा: 10 अंश उतार, मिनिटाला 17 मीटर, रोज तासभर, आठवड्यात 5 दिवस, 4 आठवडे. त्याचीही खांद्यातली सुप्रास्पिनेटस कंडरा आपल्यासारखीच हाडाच्या कमानीखालून जाते आणि झिजते. मग चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषध, निम्म्यांना सलाइन. मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. हे झाग्रेबबाहेरच्या कुणीतरी करावं. कंडरा किती न्यूटनला तुटली, एवढंच मोजून भागणार नाही, कारण व्रणानं जाड झालेली कंडराही जोर सोसते. तो आकडा तिच्या छेदाच्या क्षेत्रफळानं भागायचा, मग धागा खरंच सुधारला की नुसता फुगला ते दिसेल."