शेकडो वृत्तपत्रं, पण साक्षीदार किती? मॉर्मन लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि तुमचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून उत्तरही सविस्तर देते.

तुमचं म्हणणं असं: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली शेकडो वृत्तपत्रं मॉर्मन लोकांबद्दल (जोसेफ स्मिथ यांनी स्थापलेला पंथ, ज्यात तेव्हा बहुपत्नीत्व होतं) एकच गोष्ट सांगत होती, तर तिला अतिरंजित कसं म्हणायचं? बहुपत्नीत्वाच्या बाजूने बोललेल्या मॉर्मन बायका पढवलेल्या होत्या. आणि माझा लेख या प्रथेवर पांघरूण घालतो.

आधी ‘शेकडो वृत्तपत्रं’ घेऊ. १७९२ च्या टपाल कायद्याने अमेरिकेतल्या संपादकांना एकमेकांना अंक फुकट पाठवायची सवलत दिली होती. गावातल्या साप्ताहिकाला दूरचा बातमीदार ठेवणं परवडत नसे. संपादक टपालाने आलेले अंक उघडी, हवा तो मजकूर कात्रीने कापी आणि कंपोझिटरच्या हाती देई. पहिल्या पुनर्मुद्रणात मूळ पत्राचं नाव सहसा असे. दोन-तीन हातांतून गेल्यावर ते गळून पडे आणि बातमी जणू त्याच गावात लिहिल्यासारखी दिसे.

१८५७ मध्ये काय झालं ते पाहा. मॉर्मन वस्तीच्या युटा प्रांतातले संघराज्य न्यायाधीश डब्ल्यू. डब्ल्यू. ड्रमंड यांनी ३० मार्चच्या राजीनामापत्रात आरोप केला की मॉर्मनांचे प्रमुख ब्रिगम यंग यांच्या संमतीने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाची दप्तरं नष्ट करण्यात आली. एप्रिलमध्ये ते पत्र पूर्वेकडे छापलं गेलं आणि तिथून गावोगाव गेलं. दप्तरं जागेवर आहेत असं न्यायालयाच्या कारकुनाने लिहून कळवलं, पण युटातल्या सॉल्ट लेक सिटीपर्यंत तारयंत्राची सोय १८६१ च्या ऑक्टोबरमध्ये पोचली. त्याआधी खुलासा पूर्वेला पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी मे महिन्यातच सैन्य पाठवायचं ठरवलं, सुमारे २,५०० माणसं. या निर्णयाचं ते पत्र एकमेव कारण नव्हतं, पण वातावरण त्याने तापवलं. १८५८ मध्ये नवे गव्हर्नर आल्फ्रेड कमिंग शहरात आले तेव्हा त्यांना दप्तरं शाबूत सापडली. इथे तुम्ही वृत्तपत्रं कितीही मोजा, साक्षीदार एकटे ड्रमंडच.

याचा अर्थ वृत्तपत्रं नेहमी खोटी होती असाही नाही. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला माउंटन मेडोज इथे कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या तांड्यातली सुमारे १२० माणसं मारली गेली. मॉर्मन बाजूने दोष स्थानिक पायूट लोकांवर ढकलला गेला. कॅलिफोर्नियातल्या पत्रांनी मॉर्मन लोकांवर संशय घेतला, आणि तो खरा निघाला.

म्हणून प्रत्येक बातमी स्वतंत्रपणे तपासावी लागते, आणि हे घरबसल्या करता येतं. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा (संसदेच्या ग्रंथालयाचा) ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह खुला आहे. मजकुरातला सहा-सात शब्दांचा, सहसा कुठे न आढळणारा तुकडा अवतरणचिन्हांत घालून शोधा, निकाल तारखेप्रमाणे लावा आणि सर्वांत जुनी दोन-तीन पानं चित्रात उघडून वाचा. नुसत्या ‘पॉलिगमी’ (बहुपत्नीत्व) या शब्दावर विसंबू नका. अरुंद रकान्यात तो ओळीच्या टोकाला तुटतो आणि शोधयंत्राच्या हातून निसटतो. ‘युटा’, ‘ब्रिगम’, ‘सेंट्स’ (मॉर्मन स्वतःला असं म्हणवत), ‘प्लूरल वाइव्ह्‌ज’ असं वेगवेगळं टाकून पाहा. दैनिकाची साप्ताहिक आवृत्ती तोच मजकूर पुन्हा छापते, ती वेगळी मोजू नका. मूळ लेखक सापडला की मग विचारा: हा तिथे हजर होता का?

‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली हजर होते. १३ जुलै १८५९ ला त्यांनी ब्रिगम यंग यांना समोर बसवून प्रश्न विचारले आणि प्रश्नोत्तरं आपल्या पत्रात छापली. यंग यांनी आपल्याला पंधरा बायका असल्याचं सांगितलं, त्यांतल्या काही वृद्ध असून त्यांना आपण आईसारखं मानतो असंही. ग्रीलींनी आणखी एक गोष्ट टिपली: कोणत्याही विषयावर आपल्या बायकोचं मत काय आहे हे एकाही मॉर्मन पुरुषाने त्यांना सांगितलं नाही. व्यंगचित्रांच्या ढिगापेक्षा मला हे एक निरीक्षण मोलाचं वाटतं. १८७७ मध्ये यंग वारल्यावर ‘पक’ या विनोदी साप्ताहिकाने एका लांबलचक पलंगावर रडणाऱ्या विधवांची रांग काढली आणि वाचकांच्या मनात तेच चित्र ठसलं. पुढे इतिहासकार स्टॅनली आयव्हिन्स यांनी १,७८४ बहुपत्नीक पुरुषांच्या नोंदी तपासल्या, तर सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांना दोनच बायका होत्या.

आता ‘पढवलेल्या’ बायका. १३ जानेवारी १८७० ला सॉल्ट लेक सिटीत हजारो बायकांनी अमेरिकेच्या काँग्रेसपुढच्या (संसदेपुढच्या) बहुपत्नीत्वविरोधी ‘कलम’ (Cullom, हे आडनाव) विधेयकाचा निषेध केला. सभा चर्चशी जोडलेल्या संघटनेने भरवली होती, तेव्हा तिच्यामागे आयोजन होतंच. पण नंतरचं बघा. महिनाभरात युटातल्या बायकांना मताधिकार मिळाला. पूर्वेकडच्या अनेकांची अपेक्षा होती की त्या मतपेटीतून ही प्रथा उखडतील. तसं झालं नाही, आणि १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने त्यांचं मतच काढून घेतलं. दुसरीकडे ॲन एलायझा यंग यांनी १८७३ मध्ये ब्रिगम यंग यांच्यावर घटस्फोटाचा दावा लावला आणि देशभर व्याख्यानं दिली. सॉल्ट लेक सिटीतच जेनी फ्रॉइसेथ यांनी १८८० ते १८८३ ‘अँटी-पॉलिगमी स्टँडर्ड’ चालवलं, तर मॉर्मन बायकांचं ‘वुमन्स एक्स्पोनंट’ १८७२ पासून निघत होतं. दोन्ही पत्रं बायकांची, एकाच शहरातली. एकीला खरी आणि दुसरीला पढवलेली ठरवायचं असेल तर त्यासाठी पुरावा द्यावा लागेल.

जनमताबद्दलही थोडं. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाने गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हटलं. बहुपत्नीत्वावर बंदी घालणारा १८६२ चा कायदा मात्र कागदावरच राहिला, कारण लग्नं गुप्तपणे लागत आणि ती सिद्ध करता येत नसत. म्हणून १८८२ च्या एडमंड्स कायद्याने लग्न सिद्ध न करताही एकापेक्षा जास्त बायकांसोबत राहणंच गुन्हा ठरवलं: सहा महिन्यांपर्यंत कैद, ३०० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या काळात, १८७९ मध्ये, एका मॉर्मन पुरुषावरच्या बहुपत्नीत्वाच्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धा वेगळी आणि आचरण वेगळं असं ठरवताना सतीचा दाखला दिला आणि बहुपत्नीत्व ही जवळजवळ सर्वस्वी आशियाई-आफ्रिकी लोकांची चाल म्हटली. आपल्या वाचकांनी ते वाक्य जरूर वाचावं. मॉर्मन लोकांवरच्या रागात आपल्याबद्दलची तुच्छताही मिसळलेली होती. श्रद्धा आणि आचरण यांतला तोच भेद पुढे नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागलांनी केला, द्विभार्याप्रतिबंधक कायदा उचलून धरताना. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात तुच्छता होती म्हणून त्याचा युक्तिवाद निकामी ठरत नाही.

आणि जनमत वृत्तपत्रात उमटतं तसंच तिथे तयारही होतं. १८९८ मध्ये युटातून निवडून आलेल्या बहुपत्नीक मॉर्मन बी. एच. रॉबर्ट्स यांना काँग्रेसमध्ये बसू देऊ नये म्हणून हर्स्टच्या ‘न्यूयॉर्क जर्नल’ने सह्या गोळा केल्या. सत्तर लाख असा आकडा दिला गेला. जानेवारी १९०० मध्ये त्यांना २६८ विरुद्ध ५० मतांनी बाहेर ठेवण्यात आलं.

राहिला पांघरुणाचा आरोप, आणि इथे तुम्ही बरोबर आहात. १८५२ पूर्वीच्या बहुपत्नीत्वाच्या बातम्यांना मी सरसकट ‘बदनामीची मोहीम’ म्हटलं होतं. ते चूक आहे. इलिनॉयमधल्या नौवू या तेव्हाच्या मॉर्मन शहरातल्या ‘नौवू एक्स्पॉझिटर’ने ७ जून १८४४ च्या आपल्या एकमेव अंकात जोसेफ स्मिथ यांच्या गुप्त बहुपत्नीत्वाबद्दल शपथपत्रं छापली. तीन दिवसांनी नगरपरिषदेच्या आदेशावरून तो छापखाना मोडून टाकला गेला. नेते जाहीरपणे नाकारत राहिले. २९ ऑगस्ट १८५२ ला मॉर्मन नेते ऑर्सन प्रॅट यांनी भर सभेत ही शिकवण मान्य केली आणि पुढच्या महिन्यात ‘डेझरेट न्यूज’च्या जादा अंकात १२ जुलै १८४३ चा ‘साक्षात्कार’ छापून आला. ज्यांना खोटारडे ठरवलं गेलं ते खरं बोलत होते, आणि घरातल्या बायकांना हे सगळं मुकाट सोसावं लागत होतं. लेखातलं ते वाक्य मी काढलं आहे आणि त्या जागी ‘एक्स्पॉझिटर’चा परिच्छेद घातला आहे.