पाटणचे पाणी, जतचे बिल

माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आणि सासर सांगली जिल्ह्यातल्या जतचे. गेली अकरा वर्षे आम्ही अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो, आणि गावाकडचा फोन आला की बोलणे फिरून विजेवर येते. स्मार्ट मीटर बसवू द्यावा का, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मिळालेली मोफत वीज किती वर्षे टिकेल, शेतीच्या विजेची रात्रीची पाळी कधी संपेल, यावर दोन्ही घरांत तावातावाने वाद होतात. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यामागचा रागही खरा आहे. मात्र त्या बोलण्यात रुपये सतत येतात आणि युनिट क्वचितच येते, हे मला येथील एका वर्गात बसल्यावर जाणवले.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणारे, वयाची अट नसलेले महाविद्यालय. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसेही तेथे शिकायला येतात. ऊर्जा साक्षरतेच्या सहा आठवड्यांच्या वर्गात पहिल्या दिवशी सर्वांना घरचे वीजबिल आणायला सांगितले होते, आणि दोन तास आम्ही फक्त ते वाचले. पुढच्या आठवड्यात प्लगला लावायचे छोटे मीटर हाती दिले. मी ते तळघरातल्या जुन्या फ्रीजला लावले, तर दिवसाला चार युनिट पडत होते. जतच्या आमच्या अख्ख्या घराला दिवसाकाठी तेवढेच लागतात. येथील सर्वसाधारण घर महिन्याला सुमारे ९०० युनिट वापरते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१२ मध्ये ऊर्जा साक्षरतेची सात तत्त्वे मांडली, तरी वापराचा हा डोंगर उभाच आहे, तेव्हा या देशाकडून काटकसर शिकावी असे मी म्हणणार नाही. घ्यायची आहे ती वर्गाची रीत.

असा वर्ग साताऱ्यात मराठीतून सुरू व्हावा, असा माझा प्रस्ताव आहे. तो दिरांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, वायरमन तयार करायला आयटीआय आहेच की." आयटीआय तार जोडायला उत्तम शिकवते, बिल भरणाऱ्याला, पंप चालवणाऱ्याला आणि ग्रामपंचायतीत पथदिव्यांचा खर्च मंजूर करणाऱ्याला शिकवणारे मात्र कोणी नाही. शंभर युनिटांच्या वर गेले की सगळेच युनिट महाग दराने लागतात, असे माझ्या सासूबाई आजही मानतात आणि महिनाअखेरीस मिक्सरही लावत नाहीत. प्रत्यक्षात वरचा दर फक्त शंभरापुढच्या युनिटांना लागतो.

याहून महागात पडणारे अज्ञान शेतात आहे. रात्री वीज आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून ज्याने त्याने ऑटो स्विच बसवलेला असतो. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि एका डीपीवरच्या, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या रोहित्रावरच्या, पंधरा-वीस मोटारी एकाच क्षणी उठल्या की डीपीचे काय होते, ते गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीने पाहिले. डाळिंबाची बाग नऊ दिवस पाण्यावाचून उभी होती. मोटारी काही सेकंदांच्या अंतराने सुरू करणे आणि प्रत्येक मोटारीला योग्य कपॅसिटर (तारेतून ओढला जाणारा प्रवाह कमी करणारे साधन) लावणे, एवढे सर्वांनी मिळून ठरवले असते तर डीपीवरचा हा ताण पुष्कळ कमी झाला असता.

साताऱ्याचाच आग्रह धरण्याचे कारण आमच्या दोन घरांमधल्या पाण्यात आहे. कोयनेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला साडेचारशे मीटरहून अधिक खाली पोफळीकडे पडते, तेव्हा हजार लिटरमागे सुमारे एक युनिट वीज मिळते. पूर्वेला म्हैसाळ योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून जतकडे नेते. तेथे हजार लिटर शंभर मीटर चढवायला पंप-मोटारीतली घट धरून जवळजवळ अर्धे युनिट लागते. म्हैसाळसारख्या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार आणि १९ टक्के शेतकरी उचलतो. दुष्काळी वर्षात कोयनेचे पश्चिमेला जाणारे पाणी अडवून पूर्वेकडे सोडा, अशी मागणी होते. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे, आणि १,९६० मेगावॅटच्या कोयनेची वीज संध्याकाळच्या चढत्या मागणीला लागते. माहेरच्या माणसांनी धरणासाठी गावे सोडली आणि सासरची माणसे टँकरची वाट पाहत म्हातारी झाली, त्यामुळे मला या वादात एक बाजू घेता येत नाही. पण दोन्हीकडच्या माणसांना हे गणित स्वतः मांडता आले पाहिजे, असे मनापासून वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका'ची वाट याच जिल्ह्याने दाखवली, त्यामुळे काम करणाऱ्या माणसासाठी वर्ग भरवणे येथे नवे नाही. डिसेंबरात मी सहा आठवड्यांसाठी गावी येत आहे. सातारा किंवा पाटणच्या एखाद्या महाविद्यालयाने रविवारी सकाळी एक खोली दिली, तर प्लगचे दहा मीटर आणि एक क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे) मी घेऊन येईन. येणाऱ्यांनी घरची आणि असल्यास पाणीपट्टीची मागच्या तीन महिन्यांची बिले तेवढी आणावीत.