‘प्रवचनं नकोत, ब्रेक मारायला शिकवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबतंय.

लायसन्स मिळाल्यावर पहिले काही महिने मुलांनी रात्री आणि मित्रांना घेऊन गाडी चालवू नये, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की ही नुसती प्रवचनं झाली. पोरांना मोकळ्या मैदानावर न्या, करकचून ब्रेक मारायला आणि घसरलेली गाडी सावरायला शिकवा, अपघात आपोआप कमी होतील; बंधनांनी फक्त घाबरट चालक तयार होतात.

मैदानाची कल्पना ऐकताक्षणी पटते. नॉर्वेतही ती पटली होती. तिथे १९७९ मध्ये नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी चालवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. पुढे परिणाम तपासले, तेव्हा तरुण मुलग्यांचे अपघात घटण्याऐवजी वाढलेले निघाले. असं का व्हावं, याचा उलगडा स्वीडनमधले संशोधक ग्रेगर्सन यांच्या १९९६ च्या प्रयोगातून बराचसा होतो. एका गटाला त्यांनी अवघड प्रसंगी गाडी सावरण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच प्रसंगात आपलं कौशल्य किती तोकडं पडतं, हे अनुभवायला लावलं. नंतरच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच ठरले. मात्र ‘मला हे जमतं’ असं पहिल्या गटाला जास्त वाटत होतं. अर्ध्या दिवसात शिकलेलं कसब सरावाअभावी विरतं, त्यासोबत आलेला तोरा मात्र टिकतो. असा मुलगा ओल्या वळणावर वेग कमी करत नाही, कारण सावरायचं कसं हे त्याला ‘येतं’.

शिवाय ब्रेक कितीही सफाईने मारला, तरी तो मारेपर्यंतचं अंतर कुणाला चुकलंय? समोर काहीतरी आलं हे कळून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात गाडी २५ मीटर पुढे जाते. ४० च्या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबते. म्हणजे एकाची गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसऱ्याने नुकतीच ब्रेक दाबायला सुरुवात केलेली असते. मैदानावर ब्रेक कधी मारायचा हे आधीच माहीत असतं, त्यामुळे हा दीड सेकंद तिथे जाणवतच नाही.

आता मित्रांबद्दल. ‘हा मुलांवरचा अविश्वास आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये किशोरवयीन मुलांना आणि प्रौढांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ खेळायला दिला. सोबत मित्र असताना मुलांनी एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांच्या वागण्यात तसा फरक पडला नाही. तेव्हा प्रश्न स्वभावाचा किंवा संस्कारांचा कमी आणि वयाचा जास्त आहे. शहाणी, सरळ मुलंही यातून सुटत नाहीत. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली ती हेच ओळखून: आधी सोबतीला अनुभवी माणूस, मग एकट्याने पण रात्रीची आणि प्रवाशांची बंधनं पाळून, आणि शेवटी पूर्ण मोकळीक. शिकाऊ चालक शेजारी मोठं माणूस असताना फारसे धडकत नाहीत. एकट्याने चालवायला लागल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत वाईट असतात.

‘घाबरट चालक’ म्हणाल, तर मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तरी ओव्हरटेक न करता थांबणाऱ्याला मी घाबरट म्हणणार नाही.

प्रवचनांबाबत मात्र आपलं एकमत आहे. शाळेत अपघाताचे भीषण फोटो दाखवले की मुलं दोन दिवस गप्प होतात, इतकंच. (आणि बाबा स्वतः फोनवर बोलत गाडी चालवत असतील, तर मागच्या सीटवर त्यांचा अभ्यासक्रम केव्हाच सुरू झालेला असतो.)

तुमची मुलगी आता लायसन्स काढणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिला मैदानावर जरूर न्या, पण ब्रेक मारण्याआधी गाडी कुठे थांबेल ते तिला सांगू द्या आणि तिथे खडूने रेघ मारा. मग वेग वाढवून पुन्हा विचारा. रस्त्यावर ती चालवत असेल तेव्हा शेजारी बसून ‘आता कोण आडवं येऊ शकतं?’ एवढंच विचारत राहा: उभ्या बसच्या पुढून, पार्क केलेल्या गाड्यांच्या फटीतून, आडोशाच्या वळणावरून. पाऊस असेल त्या दिवशीही न्या, अंधार पडल्यावरही न्या. फक्त त्या वेळी शेजारच्या सीटवर तुम्ही असा, तिच्या मैत्रिणी नकोत.