मूत्रपिंडाचा प्रत्येक मृत्यू आर्सेनिकच्या माथी मारता येणार नाही

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागातील मराठी घरांत सध्या एक संदेश फिरत आहे. सीमाभागात मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे दगावतात ती बोअरच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे. कळशीत पांढरा थर बसला किंवा टीडीएस मीटरवर आकडा जास्त आला की आर्सेनिक आहे असे समजावे. पाणी खळखळून उकळले की ते जाते. आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांनी दिवसाला पाच लिटर पाणी पिऊन ते धुऊन काढावे, असे त्यात म्हटले आहे. यातील काळजी रास्त आहे, पण सांगितलेले उपाय चुकीचे आहेत आणि शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे.

आर्सेनिक मूत्रपिंडाला अपाय करते, हे नाकारण्याचे कारण नाही. चिलीतील अंतोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक असलेले पाणी मिळत होते, आणि शुद्धीकरण सुरू झाल्यानंतरही मूत्रपिंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तेथे कित्येक वर्षे चढेच राहिले. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर विहिरींऐवजी नळाचे पाणी आल्यावर मूत्रपिंडाच्या विकाराने होणारे मृत्यू हळूहळू घटले. मात्र या दोन्ही ठिकाणी पाण्यातील आर्सेनिक मोजलेले होते. संदेशात आपल्या एकाही गावच्या बोअरचा प्रयोगशाळेतील आकडा नाही.

कर्नाटकात आर्सेनिक आढळलेले आहे, तेही येथे सांगायला हवे. यादगीर जिल्ह्यातील किरदळ्ळी तांड्यावर त्याने माणसांच्या त्वचेवर खुणा उमटवल्या. तो भाग सोन्याच्या जुन्या खाणींचा आहे आणि अशा खडकांत आर्सेनिकयुक्त खनिजे असतात. बंगालमध्ये ते नदीच्या गाळाच्या थरांतून पाण्यात उतरते. बेळगाव जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे, त्यामुळे तिकडचा निष्कर्ष उचलून येथे लावता येत नाही. अर्थात, खडक काळा आहे म्हणून आपले बोअर तपासायचेच नाही, असेही मी म्हणणार नाही.

कळशीतला पांढरा थर हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा, म्हणजे जड पाण्याचा. लिंबाचा रस टाकला की तो फसफसतो. आर्सेनिकला ना रंग, ना चव, ना वास. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम आहे, तर टीडीएस मीटर विरघळलेल्या सर्व क्षारांची मिळून बेरीज मिलिग्रॅममध्ये दाखवते. त्यामुळे मीटरवर १५० दाखवणारे पाणी दूषित आणि ९०० दाखवणारे आर्सेनिकमुक्त असू शकते. ग्रामपंचायतीच्या तपासणी किटमध्ये आर्सेनिकची चाचणी असतेच असे नाही, म्हणून पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) ‘आर्सेनिक’ असा शब्द लिहूनच अर्ज द्यावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करावी.

उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक मात्र पाण्यातच राहते आणि पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.

आता मृत्यूंविषयी. भारतातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णनोंदवहीचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अहवाल ५२,२७३ रुग्णांचा होता. त्यांतील सुमारे ३१ टक्के रुग्णांत कारण मधुमेह आणि सुमारे १३ टक्क्यांत उच्च रक्तदाब होते, तर सुमारे १६ टक्क्यांत कारण निश्चित झाले नव्हते. त्या शेवटच्या गटात पाण्याचा काही वाटा आहे का, हा प्रश्न खुला आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण संदेश वाचून जो माणूस वर्षानुवर्षांची साखर, तपासून न घेतलेला रक्तदाब आणि उसाच्या फडातून परतल्यावर कंबरदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या विसरून केवळ बोअरला दोष देतो, त्याचे मूत्रपिंड वाचवण्याची वेळ निघून जाते. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य मोजणाऱ्या दोन तपासण्या लक्षणे दिसण्याआधी बिघाड सांगतात. पाय सुजेपर्यंत थांबलेल्याला पुष्कळदा थेट डायलिसिसच सांगितले जाते.

आणि तो पाच लिटरचा सल्ला. ज्याला लघवीच कमी होते, त्याच्या शरीरातून हे पाणी बाहेर पडत नाही. ते आधी पायांत आणि मग फुप्फुसांत साचते, रक्तदाब वाढतो आणि रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडतो. डायलिसिसवरील रुग्णाला दिवसाचे पाणी डॉक्टर त्याची लघवी आणि वजन पाहून ठरवून देतात, आणि चहा, आमटी, ताक हे सारे त्याच मापात धरायचे असते. हा संदेश घरातल्या अशा रुग्णापर्यंत पोहोचला असेल, तर त्याने पाणी वाढवले आहे का, हे त्याला आजच विचारा.